पापाच्या तिकटीला सुचलेलं

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
सुलाबाई इंगवले म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून
थेट पेल्यात धार काढते.
मी म्हणालो, "दुधापेक्षा फेसच जास्त दिसतोय."
मान वर न करता ती म्हणाली,
"फेस फुकट हाय. पैसं दुधाचं घेतो मी."
बाकावरचे चौघे हसले.
म्हैससुद्धा कान हलवून त्यांच्यात गेली.
मी पेला तोंडाला लावला. तेवढंच सुचलं.

मग चालत पापाच्या तिकटीला आलो
आणि टांगलेल्या चपलांच्या माळांखाली
उत्तर सापडलं, नेमकं, माझ्या मापाचं:
"फुकटचं मी खात नाही, सुलाबाई.
फेस काढून ठेव, तेवढ्या जागेत दूध ओत."
कुणाला सांगू? दुकानदार विचारत होता, "किती नंबर?"
मी म्हणालो, "नऊ."

असंच होतं माझं.
रिक्षावाल्या मुजावरला म्हटलं,
"मीटर रिक्षापेक्षा जोरात पळतोय की."
तो म्हणाला, "त्याला खड्डं लागत न्हाईत, सायेब."
याचं उत्तर अजून यायचंय.
बायकोला म्हटलं, "आमटीत मीठ नाही."
"काल जास्त झालं म्हणालात," ती म्हणाली,
"आज वळतं केलं."
बावीस वर्षं भूमापन कचेरीत काढलेला माणूस मी,
वळतं करणं मला कळतं.
गप जेवलो.

ही सगळी किरकोळ बाकी.
एक मात्र अकरा वर्षं राहिलं होतं.

दादांच्या बाराव्याला, वडणग्यात, भर पंगतीत
थोरला म्हणाला होता,
"मुलखाची रानं मोजत हिंडतोस, बारक्या.
घरापासनं किती लांब गेलास, ते कधी मोजलंस?"
वाढपी भाताची बादली घेऊन तसाच थांबला.
मी पत्रावळीवरची कोशिंबीर
बोटानं सरळ रेषेत लावत बसलो.
परतताना पूल लागला, गंगावेस लागली,
तिकटीला तर मुद्दाम उभा राहिलो.
दुकानं बंद. चपला आत घेतलेल्या.
एक कुत्रं होतं, तेही काही बोललं नाही.

आणि आता, एका मंगळवारी,
शिंगणापूरच्या कुणाच्या तरी बांधावर
हद्द कायम करताना
हाताखालचं पोरगं चहाला गेलं,
टेपचं पलीकडचं टोक गवतात पडलं,
अलीकडचं धरून मी उन्हात उभा.
तेव्हा सुचलं.

बांध तसाच सोडून वडणग्याला गेलो.
थोरला गोठ्यात होता, म्हैस सोडत.
केस पार गेलेले, पाय ओढत चाललेला.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी पाणीही न पिता बोलून टाकलं,
"टेप एकट्याला धरता येत न्हाई, आण्णा.
दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं."

"कसला टेप?"

मग मी सगळं सांगितलं:
बारावं, पंगत, बादली, कोशिंबीर.
"मी असं बोललो व्हतो?"
"व्हय."
त्यानं जरा विचार केला.
"चांगलं बोललोय की," म्हणाला,
आणि दाव्याचं टोक माझ्या हातात दिलं.
"धर हे. वैरण घिऊन येतो."

म्हैस नवीन होती, मला ओळखत नव्हती.
ओढत ओढत उकिरड्यापर्यंत घेऊन गेली.
याला काय म्हणायचं असतं,
दोन्ही हातांनी दावं धरून मी शोधत राहिलो.
तिकटी तिथून पाचेक किलोमीटर,
आणि म्हैस उलट्या बाजूला ओढत होती.